कृषिमहाविद्यालयाचा विद्यार्थी व यजमान शेतकरी

कृषिमहाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी एका सत्रांत खेड्यांत येऊन शेतकऱ्याजवळ काम शिकतात, ही प्रथा आपल्या वाचकांस परिचित आहे. गांवकरी त्यांस कृषिदूत व कृषिकन्या ह्या नांवांनीं ओळखतात. राहुरी, अकोला, परभणी व दापोली ह्या चारही कृषिविद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांत ह्या कार्यानुभवास स्थान आहे. हेतु उत्तम आहे. पण पुष्कळ ठिकाणीं फळ काय दिसतें? एके दिवशीं बीजप्रक्रियेचें, दुसऱ्या दिवशीं बोर्डो मिश्रणाचें प्रात्यक्षिक होतें, छायाचित्र निघतें, वही भरते, आणि विद्यार्थी परत जातो. पेरणी आटोपल्यावर दाखविलेली बीजप्रक्रिया त्या हंगामांत कोणाच्या कामाची?

दोष मुलांचा नव्हे. काम नेमून देणारांचा आहे, आणि त्यांत यजमान शेतकरीहि आला. आपण मुलास पाहुणा मानतों, पण शेतांतील खरा प्रश्न त्याच्यापुढें ठेवीत नाहीं.

कपाशीचें उदाहरण घेऊं. गुलाबी बोंडअळीवर फवारणी केव्हां करावी, हें पुष्कळदां शेजाऱ्याचा पंप पाहून ठरतें. शास्त्राचा नियम निराळा आहे. हेक्टरीं ५ कामगंध सापळे लावावे. सलग ३ दिवस दर सापळ्यांत रोज ८ पतंग सांपडले, म्हणजे उपायाची वेळ आली. तसेंच ठिकठिकाणचीं २० हिरवीं बोंडें फोडावीं. दोहोंत जिवंत अळी निघाली, तर प्रादुर्भाव शेंकडा १० झाला, असें समजावें. नियम सोपा आहे. पण रोज पतंग मोजण्यास ऐन हंगामांत घरच्या माणसास सवड नसते. विद्यार्थ्यास ती असते.

म्हणून यजमानानें पहिल्याच दिवशीं तीन गोष्टी ठरवाव्या. पहिली, पीक एक व प्रश्न एक. दुसरी, रोजची नोंद शेतकऱ्याच्याच वहींत, त्यास समजेल अशी. तिसरी, निघण्यापूर्वीं चावडीवर चार लोकांपुढें हिशेब: पतंग किती, फवारण्या किती, खर्च किती, आणि अंदाज चुकला असल्यास तो कोठें. फवारणीचा निर्णय शेतकऱ्याचाच राहील. परंतु तो आंकडे पाहून होईल.

असें सत्र घालविलेला मुलगा पुढें कोणत्याहि जागेवर गेला, तरी बोंड फोडून पाहिल्याशिवाय सल्ला देणार नाहीं. तो गेल्यावरहि वही घरांत राहील. येत्या खरिपांत ज्यांच्या घरीं विद्यार्थी येणार असेल, त्यांनीं त्याच्यासाठीं खोली झाडून ठेवावी, तशी एक कोरी वहीहि आणून ठेवावी.