बाबांचा मफलर

पनवेलला थंडी ती काय? पण माझे बाबा पुण्याहून रात्रीची एसटी घेऊन बोरघाट उतरतात ते कानाला नुसता टॉवेल गुंडाळून. म्हणून या डिसेंबरात हॉस्टेलवर बसून मीच मफलर शिवला.

लाईन आळीत दुकानदारानं विचारलं, "पन्हा किती?" आम्ही कॉन्व्हेंटवाल्या, मला आठवलं कैरीचं पन्हं! पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. 36 इंच पन्ह्याचं सुती फ्लॅनेल (आजीच्या भाषेत फलालीन) अर्धा मीटर पुरतं. आधी धुवून वाळवा, कारण ते पहिल्या पाण्यात आटतं. त्यावरची लव हवा धरून ठेवते आणि हवा उष्णतेची मंदवाहक. हीट ट्रान्सफरचं लेक्चर एवढंच कामी आलं!

कापड पन्ह्याच्या दिशेनं मधोमध कापून दोन पट्ट्या करा. सुलट बाजू आत ठेवून काठाला काठ जोडा. इथे हातटीपच हवी, म्हणजे प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे नेऊन पुढे काढायची. मग कापलेल्या कडा दोनदा दुमडून तुरपाई. टोकांना मूळचा काठ असतो, तो उसवत नाही. पाच फुटांच्या वर मफलर होतो.

मी घाईत जोडाला साधा धावदोरा घातला होता. पहाटे पनवेल डेपोत बाबांनी गाठ मारली आणि जोड टर्रकन उसवला. काही न बोलता त्यांनी कंडक्टरकाकांकडून सेफ्टी पिन मागून लावली अन् गाडी काढली. पुढच्या फेरीला मी सुईदोरा घेऊनच डेपोत गेले.