किनारा नावारूपाला येतो कसा?

दिवाळीची सुटी लागली की मुंबई-पुण्याहून निघालेल्या गाड्यांची रांग कोकणाच्या दिशेने सरकू लागते. नाताळात आणि मे महिन्यात याच दृश्याची पुनरावृत्ती होते. महाराष्ट्राच्या किनारपट्टीची लांबी सुमारे ७२० किलोमीटर असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाते. या किनाऱ्यावर वाळूच्या लहानमोठ्या पुळणी गावोगावी आढळतात. तरीही पर्यटकांच्या तोंडी ठरावीक नावेच असतात. अलिबाग, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरुड-कर्दे, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली ही ती नावे. समुद्र सर्वत्र तोच असताना काही किनारे गजबजून जातात आणि त्यांच्या शेजारचेच किनारे निर्मनुष्य राहतात. या भेदामागे भूगोल आहे, दळणवळण आहे, श्रद्धा आणि इतिहास आहे, आणि किनाऱ्यामागे वसलेले गावही आहे. नेमक्या याच गोष्टींवर आता लोकप्रियतेचा भार पडू लागला आहे.

दोन भूशिरांमधली वाळू

कोकणाचा किनारा सलग वाळूचा नाही. सह्याद्रीचे फाटे ठिकठिकाणी थेट समुद्राला भिडतात आणि त्यांची टोके भूशिरांच्या रूपाने पाण्यात शिरतात. भूशिरांवर लाटा आदळतात, तर दोन भूशिरांमधल्या आतल्या वळणात त्यांचा जोर मंदावतो आणि वाळू स्थिरावते. त्यामुळे इथली पुळण बहुधा अर्धचंद्राकृती असते आणि तिच्या दोन्ही टोकांना खडक किंवा खाडी असते. एका दृष्टिक्षेपात सामावणारा, दोन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेला हा किनारा डोळ्यांना सुखावतो, तो या रचनेमुळे.

वाळूचा रंगही तिच्या उगमाची साक्ष देतो. बेसाल्टच्या झिजेतून आलेली वाळू करडी, काळसर असते, तर शंखशिंपल्यांचा चुरा अधिक असेल तिथे ती पांढरी दिसते. रत्नागिरी शहरात हा फरक एकाच ठिकाणी पाहायला मिळतो. रत्नदुर्गाच्या एका बाजूला इल्मेनाइटयुक्त काळ्या वाळूचा ‘काळा समुद्र’, तर दुसऱ्या बाजूला ‘पांढरा समुद्र’ अशी नावेच तिथे रूढ आहेत. काशीद आणि तारकर्ली यांच्या लौकिकात त्यांच्या उजळ वाळूचा वाटा मोठा आहे.

ही वाळू एका जागी राहत नाही. पावसाळ्यातील उंच, आक्रमक लाटा ती ओढून पाण्याखालच्या दांड्यांवर नेऊन टाकतात आणि किनारा अरुंद, चढा होतो. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागतो, तशा मंद लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. हिवाळ्यात पर्यटकाला दिसणारी रुंद, मऊ पुळण ही या परतीच्या प्रवासाची देणगी असते. किनाऱ्यामागच्या वाळूच्या टेकड्या म्हणजे या व्यवहारातील शिल्लक ठेव. तिला धरून ठेवण्याचे काम जमिनीवर पसरणारी, जांभळ्या फुलांची वेल करते. किनाऱ्यावरच्या माणसांनी तिला ‘मर्यादवेल’ असे अर्थपूर्ण नाव दिले आहे. समुद्राची मर्यादा जिथे संपते, तिथे ती वाढते.

वाट सोपी झाली की

निसर्गसौंदर्य असूनही वाट नसेल तर किनारा अनोळखीच राहतो. अलिबागच्या लोकप्रियतेचे पहिले कारण त्याचे मुंबईशी असलेले अंतर हे आहे. रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरचा वळसा घालावा लागणारे हे गाव गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने मांडव्याला उतरल्यास अगदी जवळ येते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली आणि मोटारीही समुद्रमार्गे नेता येऊ लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू खुला झाल्यावर रस्त्याची वाटही आखूड झाली. सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल असा किनारा, ही अलिबाग, वरसोली आणि नागावची ओळख त्यातून अधिक पक्की झाली.

दक्षिण कोकणाच्या बाबतीत हेच काम कोकण रेल्वेने केले. एकेकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी आणि त्यानंतर रात्रभर घाट उतरणारी एस.टी. हीच मालवण-वेंगुर्ल्याची साधने होती. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे वाहती झाली. तोवर मुख्यतः चाकरमान्यांच्या गावी जाण्यापुरती असलेली ही वाट पर्यटकांचीही झाली. तारकर्ली हे नाव घरोघरी पोहोचले ते त्यानंतरच.

देव आणि दुर्ग

मराठी कुटुंबाची सहल केवळ समुद्रासाठी क्वचितच निघते. आजी-आजोबांना देवदर्शन हवे असते, मुलांना वाळू हवी असते आणि मधल्या पिढीला विश्रांती. या तिन्ही गरजा एकाच ठिकाणी भागतात तो किनारा हमखास गाजतो. गणपतीपुळे हे त्याचे ठळक उदाहरण. इथे डोंगरालाच गणेशाचे रूप मानले जाते. त्यामुळे प्रदक्षिणा घालायची ती सबंध डोंगराला, आणि मंदिराच्या पायऱ्या उतरताच पुढ्यात पुळण. जवळच मालगुंडला कवी केशवसुतांचे जन्मस्थान आणि स्मारक आहे.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तर खडकांतून, थेट समुद्राच्या कडेने जाते. लाटांनी जाळीदार कोरलेले तिथले कातळ हे भूविज्ञानाचे खुले पुस्तकच आहे. मात्र ही वाट ओहोटीच्या वेळीच चालायची असते. भरतीला ती पाण्याखाली जाते.

श्रद्धेमुळे एखाद्या गावाचे नशीब कसे पालटते, हे दिवेआगरने दाखवून दिले. नोव्हेंबर १९९७ मध्ये तिथल्या सुपारीच्या वाडीत सोन्याचा गणेश मुखवटा सापडला आणि श्रीवर्धन तालुक्यातील हे शांत गाव एकाएकी प्रसिद्धीस आले. दर्शनाला आलेल्यांनी मागचा लांबलचक किनारा पाहिला आणि मुक्काम वाढवला. मार्च २०१२ मध्ये मंदिरावर दरोडा पडला, त्यात दोन रखवालदारांचा जीव गेला आणि मुखवटा लुटला गेला. तेव्हा त्याची झळ गावच्या पर्यटनालाही लागली. पुढे हस्तगत झालेल्या सोन्यातून घडवलेल्या मुखवट्याची प्रतिष्ठापना नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली.

देवासारखीच किमया दुर्गांची. अलिबागसमोर कुलाबा, मुरुडजवळ जंजिरा, हर्णैसमोर सुवर्णदुर्ग आणि मालवणपुढे सिंधुदुर्ग हे जलदुर्ग किनाऱ्याला इतिहासाची पार्श्वभूमी देतात. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. आज त्याच्या आसपासचे खडक, प्रवाळ आणि मासे पाहण्यासाठी पर्यटक पाण्याखाली उतरतात. पावसाळ्यानंतर गाळ खाली बसून पाणी नितळ होते, म्हणून तारकर्ली-मालवण हे स्कूबा आणि स्नॉर्कलिंगचे केंद्र बनले. या परिसराचे महत्त्व ओळखून १९८७ मध्येच मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले होते.

किनाऱ्यामागचे गाव

शेजारच्या गोव्याशी तुलना केली की कोकणाचे वेगळेपण ध्यानात येते. साठ आणि सत्तरच्या दशकांत हिप्पींनी अंजुणे, कळंगुटचे किनारे जगाच्या नकाशावर नेले. १९८७ च्या सुमारास युरोपातून थेट चार्टर विमाने दाबोळीला उतरू लागली. तिथे किनाऱ्यावरची शॅक, संगीत आणि रात्रीचे जीवन हेच आकर्षण ठरले. कोकणाचा किनारा मात्र घरगुती राहिला. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारी लाल मातीची वाट, ओटीवर पाहुण्यांची वाट पाहणारे यजमान, पानात उकडीचे मोदक किंवा सुरमईचे कालवण आणि वर सोलकढीची वाटी हे त्याचे भांडवल आहे. राज्य पर्यटन विकास महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेने या पाहुणचाराला व्यवसायाचे रूप दिले. दिवेआगर, मुरुड-कर्दे, गुहागर, देवबाग येथील अनेक कुटुंबांना शहराची वाट न धरता घरीच उत्पन्न मिळू लागले. मनिऑर्डरवर जगणारा प्रदेश अशी ज्या कोकणाची ओळख होती, तिथे हा बदल लहान नाही.

पाण्याची ओढ

लोकप्रियतेची दुसरी बाजू मात्र वेदनादायक आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुड-जंजिरा येथे सहलीला आलेले पुण्याच्या महाविद्यालयातील १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरी येथे बेळगावच्या ८ जणांना समुद्राने ओढून नेले. अशा दुर्घटनांनंतर समुद्र ‘खवळला’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात पाणी वरवर शांत दिसत असतानाही जीव जाऊ शकतो.

पर्यटकाला न दिसणाऱ्या तीन गोष्टी स्थानिक कोळी सहज ओळखतो. पहिली म्हणजे भरतीची वेळ. दिवसातून दोनदा येणारी भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तिचे उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांग. अलिबागच्या बाजूला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक ४ मीटरहूनही अधिक असतो. ओहोटीत पायी कुलाबा किल्ला गाठणारे पर्यटक परतताना अडकतात ते यामुळेच. दुसरी गोष्ट उताराची. काही किनाऱ्यांवर बरेच आत गेले तरी पाणी कमरेइतकेच असते. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी मात्र थोड्याच पावलांवर तळ एकदम खाली जातो. तिसरी आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे परतीचा प्रवाह. किनाऱ्यावर आलेले पाणी वाळूच्या दांड्यांमधील खोलगट वाटेने वेगाने मागे जाते. तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणून तो पट्टा उलट सुरक्षित भासतो. त्या ओढीत सापडलेला माणूस किनाऱ्याच्या दिशेने धडपडून दमतो आणि बुडतो. अशा वेळी न घाबरता तरंगत राहून किनाऱ्याला समांतर पोहल्यास प्रवाहाचा अरुंद पट्टा ओलांडता येतो. ज्याला पोहता येत नाही, त्याने गुडघाभर पाण्यापलीकडे न जाणे हाच उपाय. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची संघटित व्यवस्था उभी राहिली. गर्दीच्या प्रत्येक किनाऱ्याला तशी व्यवस्था मिळायला हवी.

मर्यादा कोणाची?

दुसरा धोका संथ आहे, म्हणून दुर्लक्षित. समुद्राकडे तोंड असलेली खोली हवी, या मागणीपोटी वाळूच्या टेकड्या सपाट होतात, मर्यादवेल उपटली जाते आणि तिथे भिंत उभी राहते. समुद्र पावसाळ्यात वाळू मागायला येतो तेव्हा देण्यासारखी ठेव उरलेली नसते. मग भिंतीच्या पायथ्याची पुळणच वाहून जाते. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागला ही धूप चांगलीच परिचित आहे. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली, ती अशा बांधकामांना आवर घालण्यासाठी. २०१९ च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासूनचे ना-विकास क्षेत्र २०० मीटरवरून ५० मीटरवर आणले. गावकऱ्यांना घरे बांधण्यास त्यामुळे मोकळीक मिळते, हे खरे. पण समुद्र अधिसूचना वाचत नाही. जून २०२० मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, अलिबाग परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या आणि सुरूची बने आडवी केली. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बागा काही तासांत गेल्या.

लोकप्रियता आणि संयम एकत्र नांदू शकतात, हे मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने दाखवले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे कासवांची पिल्ले समुद्रात झेपावताना पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले. अंड्यातून निघालेले पिल्लू उजेडाच्या रोखाने समुद्र शोधते. म्हणूनच काळोख असलेला किनारा हीच त्याची खरी सुरक्षितता. पर्यटक गावकऱ्यांच्या घरी राहतात, घरचेच जेवतात आणि दोरीच्या अलीकडे उभे राहून पिल्ले पाहतात. या गावात किनाऱ्यावर झगमगाट नाही, म्हणूनच तो पाहण्यासारखा राहिला आहे.

किनारा नावारूपाला येतो तो वाळू, वाट, देव-दुर्ग आणि गाव यांच्या मेळातून. यातील वाट सरकार बांधू शकते आणि देव-दुर्गांचा वारसा पूर्वजांनी दिला आहे. वाळू आणि गाव मात्र एकदा हरवले की विकत आणता येत नाहीत. वाळूवर मोटार उतरवण्याआधी, टेकडी सपाट करून खोली बांधण्याआधी आणि गावकऱ्याने ‘पाण्याला ओढ आहे’ म्हणून सांगितल्यावर आणखी एक पाऊल पुढे टाकण्याआधी, पाहुण्याने आणि यजमानाने एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ. मर्यादवेल समुद्राची सीमा दाखवते. माणसाने आपली सीमा स्वतःच आखायची आहे.