पाठ टेकवून जिंकणारे

जून-जुलैत मासेमारी बंद असते. रेवदंड्याला खाडीच्या कडेने होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि माणसांकडे वेळच वेळ असतो. अशाच एका दुपारी, ताडपत्रीवर पाऊस धो धो वाजत असताना, शेजारच्या पोराने नानांच्या पुढ्यात मोबाइल धरला. नाना आमच्या आळीतले जुने पैलवान. अलिबाग-पेणकडच्या आगरी-कोळी गावांत जत्रेला किंवा भातकापणीनंतर मोकळ्या शेतात कुस्त्यांचा फड लागतो, तिथे ते तरुणपणी खेळलेले. कान मोडलेले, मान अजून जाड.

पडद्यावर 2 फेब्रुवारी 2008 ची लास व्हेगासची लढत होती. ब्रॉक लेस्नर विरुद्ध फ्रँक मिर. लेस्नरला आपल्याकडे टीव्हीमुळे शेंबडी पोरंही ओळखतात. त्याने मिरला उचलून खाली घातला आणि वर बसून बुकलायला सुरुवात केली. नाना म्हणाले, "संपली! पाठ लागली की त्याची." तेवढ्यात खालच्या मिरने लेस्नरचा एक पाय दोन्ही हातांनी छातीशी कवटाळला आणि कंबर पुढे रेटून गुडघा उलट्या दिशेला ताणला. लेस्नरने थापटून हार कबूल केली. पहिल्या फेरीची फक्त 90 सेकंदं झाली होती.

नाना बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले. "वरचा हरला?"

हा प्रश्न एकट्या नानांचा नाही. मिश्र मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, आपल्याकडे आता घरोघरच्या मोबाइलवर आलं आहे, पण आपण ते लाल मातीच्या डोळ्यांनी बघतो. सबमिशनने, म्हणजे सांध्याला पेच किंवा गळ्याला आवळ घालून प्रतिस्पर्ध्याला हार मानायला लावून मिळवलेले विजय त्यामुळे आपल्याला जादूसारखे किंवा लबाडीसारखे वाटतात.

गैरसमज: वर आहे तो जिंकतोय, खाली आहे तो हरतोय

कुस्तीत हे सोळा आणे खरं. दोन्ही खांदे टेकले की चितपट, पंचाचा हात वर, हलगी जोरात. पण एमएमएच्या नियमांत पाठ टेकण्याला स्वतःची अशी किंमतच नाही. पाठ टेकवून, पाय प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती ठेवून लढणं ही ब्राझिलियन जिउ-जित्सूतली रीतसर बैठक आहे. तिला 'गार्ड' म्हणतात. खालच्याचे दोन्ही हात मोकळे असतात, दोन्ही पायही मोकळे असतात. वरचा मात्र तोल सांभाळायला एक हात जमिनीवर टेकवतो किंवा ठोसा मारायला तो लांब करतो. तो लांब झालेला हात हेच खालच्याचं भक्ष्य.

जगाला हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवलं रॉइस ग्रेसीने. 1993 मध्ये डेनव्हरला यूएफसी या एमएमए स्पर्धामालिकेची पहिली स्पर्धा झाली आणि सडपातळ रॉइसने ती जिंकली. खरा धडा मात्र 16 डिसेंबर 1994 चा, टल्सा शहरातला. समोर डॅन सेव्हर्न, मुरलेला कुस्तीगीर, वजन 115 किलोंच्या वर. रॉइस सुमारे 80 किलोंचा. सेव्हर्नने त्याला खाली घेतलं आणि पंधरा मिनिटं वरून दाबून ठेवलं. आपल्या फडात पंचाने ही कुस्ती कधीच सोडवली असती. 15 मिनिटं 49 सेकंदांवर रॉइसच्या पायांचा त्रिकोण, म्हणजे 'ट्रँगल', सेव्हर्नच्या मानेभोवती बंद झाला आणि सेव्हर्नने थाप मारली. गंमत अशी की प्रक्षेपणाची ठरलेली वेळ तोवर उलटून गेली होती. पैसे भरून घरी बघत बसलेल्या अनेकांना तो शेवट दिसलाच नाही. पुढच्या स्पर्धेपासून लढतींना वेळेची मर्यादा आली.

हाच प्रकार पुढे मोठमोठ्यांच्या बाबतीत घडला. रशियाचा फेडोर येमेल्यानेन्को जवळजवळ दहा वर्षं कुणाला आवरला नव्हता. 26 जून 2010 ला सॅन होजेत त्याने फॅब्रिसियो वेर्डुमला ठोशांनी खाली पाठवलं आणि संपवायला म्हणून स्वतःहून त्याच्या पायांमध्ये शिरला. वेर्डुमला नेमकं तेच हवं होतं. 69 सेकंदांत फेडोरची मान आणि हात दोन्ही अडकले. हे बघून नाना म्हणाले, "म्हणजे विहिरीत स्वतःच उडी टाकली."

गैरसमज: गळा आवळला म्हणजे श्वास कोंडतो

हा समज इतका पक्का आहे की वर्तमानपत्रांतही 'श्वास रोखून हरवले' असं छापून येतं. या खेळातले बहुतेक आवळ श्वासनलिकेवर नसतातच. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या असतात; त्या दोन्हीकडून दाबल्या जातात. आवळ नीट बसला तर आठ-दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो आणि लगेच सोडला तर काही सेकंदांत शुद्धीवर येतो. उलट बोटांनी नरडं धरणं हा एमएमएच्या नियमांत फाउल आहे.

मला हे वाचून माहीत होतं, पण पटलं त्या दुपारी. मोबाइलवाला पोरगा तीन वर्षं पनवेलला जिउ-जित्सू शिकतोय. त्याला म्हटलं, ट्रँगल माझ्यावर करून दाखव, हळू. तो चटईवर पाठ टेकवून झोपला, मी त्याच्या पायांमध्ये गुडघ्यांवर. त्याने माझा एक हात आपल्या मांड्यांमधून आत ओढला, दुसरा बाहेर ठेवला, एक पोटरी माझ्या मानेवर आडवी टाकली आणि तिचा घोटा दुसऱ्या गुडघ्याच्या खोबणीत अडकवला. एका बाजूने त्याची मांडी, आणि दुसऱ्या बाजूने? माझाच खांदा. आत ओढलेल्या हाताचा खांदा माझ्याच मानेत रुतला होता. मी श्वास घेत होतो, बोलूही शकत होतो. पण तोंडावर ऊन आल्यासारखं झालं, पावसाचा आवाज लांब गेला, आणि तिसऱ्या सेकंदाला मी त्याच्या मांडीवर थापटलं. होडी खुंट्याला बांधतानाचा सरकफास आठवा. ओढ जितकी, तितका फास घट्ट. (शिकवणारं माणूस शेजारी असल्याशिवाय हे घरात करू नये. आमच्याकडे नाना होते, तरी माझ्या बायकोने दोघांनाही फैलावर घेतलं.)

इथे एक मजेची गोष्ट. ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइल कुस्तीत नुसत्या मानेचा कवळ घ्यायला बंदी आहे. कवळात प्रतिस्पर्ध्याचा एक हातही आत घ्यावा लागतो. तिथे तो आतला हात बचावासाठी. ट्रँगलमध्ये तोच आतला हात घात करतो.

गैरसमज: कुस्तीगीराला जमिनीवर कोण हरवणार?

माझ्या मते सगळ्यात रंजक भाग हा. कुस्ती हा एमएमएचा उत्तम पाया आहे यात वाद नाही. पण आखाड्याने अंगात मुरवलेल्या दोन सवयी एमएमएच्या पिंजऱ्यात उलटतात.

पहिली सवय पटाची. दुहेरी पट काढायला पैलवान वाकून पायांत शिरतो. डोकं जरा खाली गेलं की मान समोरच्याच्या काखेत येते, आणि काखेत आलेल्या मानेवर बसतो तो 'गिलोटिन' नावाचा आवळ. याचं आपल्या जवळचं उदाहरण मुंबईच्या भारत खंडारेचं. हा मराठी गडी कुस्तीतून आलेला आणि यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरलेला भारतात जन्मलेला पहिला लढवय्या. 25 नोव्हेंबर 2017, शांघाय. समोर सोंग यादोंग, तेव्हा वीसही पूर्ण नव्हता, आणि पुढे नाव झालं ते ठोशा-लाथांसाठी. अशा पोराने पहिल्याच फेरीत, 4 मिनिटं 16 सेकंदांवर, कुस्तीगीर खंडारेला गिलोटिनमध्ये हार मानायला लावली. कागदावर बघितलं तर उलटंच व्हायला हवं होतं.

दुसरी सवय पालथं पडण्याची. खाली आलो तरी पाठ लागू द्यायची नाही, म्हणून पैलवान पोटावर वळतो, कोपरे आत घेतो आणि मातीला चिकटतो. कुस्तीत या बचावाने कित्येक कुस्त्या बरोबरीत सुटल्या आहेत. एमएमएत पालथं पडणं म्हणजे पाठीवर बसायला पाट मांडून देणं. वरचा मागून पायांचे आकडे घालतो, एक हात हनुवटीखाली सारतो, आणि 'रिअर नेकेड चोक' तयार. 5 मार्च 2016 ला कॉनर मॅकग्रेगरने तर दोन्ही चुका मिनिटाभराच्या आत केल्या, आणि तो कुस्तीगीरही नाही, ठोशांचा बादशहा. अवघ्या अकरा दिवसांच्या पूर्वसूचनेवर आलेल्या नेट डियाझने दुसऱ्या फेरीत त्याला ठोशांनी हलवला. मॅकग्रेगर घाबरून पटाला गेला, मान अडकता अडकता खाली सापडला, मार चुकवायला वळला आणि डियाझचा हात गळ्याभोवती आला.

कुस्तीला हे नवं व्याकरण शिकता येत नाही असं मात्र नाही. खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनला मातीतून थेट गादीवर गेले, नियमही निराळे, तरी सहावे आले; चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतले. आपल्याच परंपरेत मल्लविद्येचे चार प्रकार सांगतात, भीमसेनी, हनुमंती, जरासंधी आणि जांबुवंती. त्यांतला जांबुवंती म्हणजे पकडीत धरून हार मानायला लावणारा. नाव होतं, खेळ विस्मरणात गेला.

गैरसमज: असले विजय म्हणजे लॉटरी

7 ऑगस्ट 2010, ओकलंड. विद्यमान विजेता अँडरसन सिल्वा चार फेऱ्या चेल सोननकडून खाली दाबला जाऊन मार खात होता. चारही फेऱ्या सोननच्या. पाचव्या फेरीत 3 मिनिटं 10 सेकंदांवर सिल्वाने खालूनच ट्रँगल लावला आणि लढत जिंकली. लोक म्हणाले, नशीब. पण सिल्वा जिउ-जित्सूचा काळा पट्टेदार होता. आणि सोनन? दीडच वर्षापूर्वी डेमियन माइयाने त्याला याच ट्रँगलमध्ये अडकवला होता. वरून दाबताना हात कुठे ठेवायचा, ही त्याची जुनीच दुखरी जागा. धक्का प्रेक्षकाला बसला. ज्यांनी आधीच्या लढती पाहिल्या होत्या ते पाचव्या फेरीतही उठून गेले नव्हते.

गैरसमज: थाप मारणारा भित्रा

यावर नाना सगळ्यात जास्त अडले. "हात मोडला तरी चालेल, पण हरलो म्हणायचं नाय." मग पोराने टोरंटोची 10 डिसेंबर 2011 ची लढत लावली. पुन्हा तोच फ्रँक मिर, समोर अंतोनियो रॉड्रिगो नोगेरा, ज्याला तोवर कुणीही सबमिशनने हरवलं नव्हतं. नोगेराने ठोशांनी मिरचे पाय लटपटवले. आणखी चार ठोसे आणि काम झालं असतं. पण तो मूळचा पकडीचा माणूस, गळ्याच्या मोहात पडला. मिर निसटला, वर आला आणि त्याने नोगेराचा हात मनगट-कोपरात धरून पाठीकडे पिरगळला. या पेचाचं नाव किमुरा. 1951 मध्ये जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुराने रिओत रॉइसच्या वडिलांना, एलिओ ग्रेसींना, याच पेचात धरलं होतं, तेव्हा तेही थाप मारेनात आणि शेवटी त्यांच्या माणसांनी लढत थांबवली. नोगेरानेही वेळेत थाप मारली नाही. दंडाचं हाड मोडलं. हाड मोडताना दिसतं. नानांनी तोंड फिरवलं.

थाप हा नियम आहे, लाज नाही. तालमीत रोज पन्नास वेळा थाप मारणारा उद्या पुन्हा तालमीला येतो. आणि न मारली तरी शेवट तोच: हॉली होम 2016 मध्ये मीशा टेटच्या आवळात बेशुद्ध झाली, पण तिने थाप मारली नाही, विजेतेपदाचा पट्टा टेटच्याच कमरेला गेला.

शेवटची लढत पोराने मुद्दाम राखून ठेवली होती. खबीब नुरमागोमेदोव्ह, दागिस्तानचा, कुस्तीतच वाढलेला, कारकीर्दभर लोकांना जमिनीला चिकटवून ठेवणारा. 24 ऑक्टोबर 2020 ला अबू धाबीत जस्टिन गेजीविरुद्धची ही त्याची अखेरची लढत. दुसऱ्या फेरीत तो गेजीच्या छातीवर बसला होता. तिथून त्याने पाय मानेभोवती टाकले आणि स्वतःहून कलंडून पाठ टेकवली. ट्रँगल. गेजीने थाप मारली, पंचाच्या ती लगेच लक्षात आली नाही, गेजी बेशुद्ध झाला. 29 लढती, 29 विजय, आणि शेवटच्या विजयात पाठ जमिनीवर.

"हा मुद्दाम पाठ लावतो?" नानांनी ती दहा सेकंदं तीनदा बघितली. मग धोतर खोचलं आणि पोराला म्हणाले, उभा राहा. पंचाहत्तरीचा माणूस, पण पटाला शिरला तेव्हा पाठ सरळ, कपाळ पोराच्या बरगडीला टेकलेलं, नजर वर. पोराने काखेत मान शोधली, सापडली नाही.

"वस्ताद पाठीत काठी घालायचा," नाना तसेच वाकलेले असताना म्हणाले. "पट काढताना मान खाली गेली की."