उथळ पाण्याचे रहिवासी

अहिल्यानगर जिल्ह्यात पाण्याचा विषय निघाला की तो टीएमसीच्या भाषेतच बोलला जातो. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणात किती साठले, निळवंड्यात किती उतरले, मुळेचे आवर्तन केव्हा सुटणार, या प्रश्नांवर येथील ऊस, राजकारण आणि पुष्कळांचा संसार अवलंबून असल्याने ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या अकोले तालुक्यातून प्रवरेचे आणि मुळेचे पाणी खाली येते, तेथे पावसाळ्यात आणखी एक पाणी असते. कातळावरच्या खळग्यात ते वीतभर असते, भातखाचरात घोट्याएवढे, चाकोरीत ओंजळभर, तर झऱ्याकाठच्या खडकावर नुसती ओल. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात ते येत नाही. बेडकांची सारी पुढली पिढी मात्र याच पाण्यात वाढते.

शालेय पुस्तकात बेडकाच्या जीवनचक्राचे वर्तुळाकार चित्र असते. अंडी, मग भैकेर म्हणजे बेडकाचे शेपटीवाले पिल्लू, मग पाय फुटलेला भैकेर आणि शेवटी बेडूक. (शेपूट गळून पडते ही समजूत सार्वत्रिक असली तरी चुकीची आहे, ती हळूहळू शरीरातच जिरते.) विद्यार्थी ती आकृती काढतो, गुण मिळवतो आणि भैकेर म्हणजे स्वल्पविरामाच्या आकाराचा एकच एक प्राणी, असा समज घेऊन शाळेबाहेर पडतो. वस्तुतः प्रौढ बेडकांत जेवढे वैविध्य आहे, तेवढेच ते भैकेरांतही आहे.

हे वैविध्य सर्वाधिक खुलते ते उष्ण कटिबंधातील वर्षावनांत. घाटघर, रतनवाडी, हरिश्चंद्रगड या टापूला काटेकोर अर्थाने वर्षावन म्हणता येणार नाही. येथे उरले आहेत ते निमसदाहरित रानाचे तुकडे. तथापि जिल्ह्याचा पूर्व भाग पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसावर वर्ष काढत असताना घाटघरला त्याच्या कैक पट पाऊस कोसळतो, आणि सह्याद्रीतील बेडकांनी पाण्याचे जे नाना प्रकार वाटून घेतले आहेत, त्यांतील बरेचसे या कड्याकपाऱ्यांत आहेत.

सर्वांच्या परिचयाचा म्हणजे भेक, चामखिळे अंगाचा बेडूक. त्याचे काळेभोर भैकेर डबक्यात झुंडीने फिरतात. ही झुंड योगायोगाची नसते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, हे भैकेर आपल्या सख्ख्या भावंडांना परक्यांतून ओळखतात आणि त्यांच्याजवळ राहणे पसंत करतात, असे दिसून आले. त्याच डबक्यात ‘मायक्रोहायला’ या चिमुकल्या बेडकाचे भैकेर असू शकतात. ते काचेसारखे पारदर्शक, खरवडण्याचे दात नसलेले, पाण्यात तरंगत राहून सूक्ष्म कण गाळून खाणारे असतात. आणि जवळच मोठ्या हिरव्या-पिवळ्या बेडकाचे धष्टपुष्ट भैकेर असले तर या सर्वांची धडगत नसते. ते मांसाहारी असून प्रसंगी स्वजातीयांनाही सोडत नाहीत.

झाडबेडकांनी निराळी वाट काढली. ते पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करतात, आणि अंडी फुटली की पिले खालच्या पाण्यात टपकतात. झुडपी बेडकांनी तर भैकेराची मोकळी अवस्थाच टाळली आहे. त्यांच्या अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. परंतु नवलाचा मान द्यावा तो ‘इंडिराना’ प्रजातीच्या भैकेरांना. ते डबक्यात राहतच नाहीत. पाझरत्या खडकावरची जेमतेम ओल एवढेच त्यांचे जग. तेथे ते खडकाला चिकटून शेवाळ खरवडतात. त्यांची शेपूट लांब व निमुळती असते आणि मागचे पाय लवकर फुटतात. चाहूल लागली की ते त्या ओल्या उभ्या खडकावरून टुणकन उड्या मारीत पळतात. घाटातल्या रस्त्याकडेच्या अशाच पाझरत्या कड्याजवळ गाडी थांबवून माणसे धबधब्याचे छायाचित्र काढतात. हाताएवढ्या अंतरावरचे हे बिऱ्हाड क्वचितच कोणाला दिसते.

भैकेरांकडे दुर्लक्ष केल्याने ज्ञानाचे किती नुकसान होते, याचे उदाहरण दक्षिण सह्याद्रीने दिले आहे. वेगवान ओढ्यात खडकाला तोंडाने घट्ट चिकटून राहणाऱ्या एका भैकेराचे वर्णन नेल्सन ॲनंडेल यांनी १९१८ मध्येच केले होते. त्याचा प्रौढ बेडूक, जमिनीखाली राहणारा जांभळा ‘नासिकाबॅट्रॅकस’, याचे शास्त्रीय नामकरण व्हायला २००३ साल उजाडावे लागले. पोर ठाऊक आणि बाप बेपत्ता, अशी पंचाऐंशी वर्षे गेली.

आता मुद्दा पाण्याचा. उथळ डबके आटते, म्हणून ते माणसाच्या दृष्टीने निरुपयोगी. भैकेराच्या दृष्टीने मात्र ते आटते हाच त्याचा मोठा गुण, कारण दर उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत. माशांपासून मुक्ती आणि आटण्याची भीती, असा हा सौदा आहे. पाणी ओसरू लागले की अनेक जातींचे भैकेर आपले रूपांतर लवकर उरकतात. मात्र असे घाईने झालेले बेडूक आकाराने लहान राहतात. या सवलतीलाही मर्यादा आहे. जूनमध्ये सरी पडून अंडी घातली गेली आणि पुढे पावसाने दीर्घ ओढ दिली तर खळग्यातील सारी पिढी वाळून जाते. १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातील सर्वांत कोरडा ऑगस्ट २०२३ चा ठरला, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

निसर्गाच्या लहरीला उपाय नसेल, पण माणसाच्या उत्साहाला आहे. नाला खोल आणि रुंद करताना काठावरची उथळ पाणथळ जागा नाहीशी होते. डास मारण्यासाठी गप्पी आणि १९२८ मध्ये भारतात आणलेले गॅम्बुशिया मासे पाण्यात सोडले जातात. यांपैकी गॅम्बुशिया बेडकांची अंडी आणि भैकेरही खातो. प्लॅस्टिकचे अस्तर लावलेल्या शेततळ्याचा निसरडा उभा काठ चढणे बेडकाला अवघड जाते. काजव्यांच्या हंगामात भंडारदऱ्याकडे लोटणाऱ्या गाड्या माळावर वाटेल तेथे उभ्या राहतात. पहिल्या पावसात पाणी साचते ते याच सखल जागी. अर्थात पाथर्डी-जामखेडच्या शेतकऱ्याला पाणी साठवू नका असे कोणी शहाण्याने सांगू नये. परंतु कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित होऊन १९८६ पासून इतकी वर्षे लोटली असता, निदान तेथील कातळावरची डबकी बुजवताना किंवा त्यांत मासे सोडताना विचारणा व्हावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. जगभरातील आठ हजारांवर उभयचर जातींचा आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे ४१ टक्के जाती संकटग्रस्त आढळल्या.

जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे आणि त्यानुसार गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या करावयाच्या आहेत. त्यांत वृक्ष, पक्षी, औषधी वनस्पती यांच्याबरोबर हंगामी डबक्यांनाही एक पान मिळावे. कोणता खळगा कधी भरला, किती दिवस टिकला, त्यात किती प्रकारचे भैकेर दिसले, एवढे राजूर-अकोल्याच्या कोणत्याही शाळेला जुलैच्या एखाद्या पंधरवड्यात टिपता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबविण्याची दिशा दिली. तेव्हा बेडूक पकडण्याचेही आता प्रयोजन नाही. पाणी निवळशंख असते, खोली वीतभर. काठावर उकिडवे बसले की सर्व दिसते.