मूळव्याधीची शस्त्रक्रिया आणि सूर्यास्ताचा नियम

या मासिकातून तपाच्या अनुमोदना, पारण्यांची वृत्ते आणि पाककृती आपण आवडीने वाचतो. आजचा विषय त्या पंक्तीत बसणारा नाही. परंतु वसई-विरारमधील जी पिढी पहाटेच्या लोकलने मुंबईला नोकरीसाठी गेली, तिच्यातील अनेकांना तो परिचयाचा असेल. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे 60 किलोमीटर, आणि लोकलच्या डब्यात शौचालय नाही. शौचाची भावना झाली तरी दाबून ठेवायची, वाटेत अडचण नको म्हणून पाणी कमी प्यायचे आणि बँकेत पोहोचल्यावर दिवसभर खुर्ची सोडायची नाही, हे मी नोकरीची सारी वर्षे केले. नैसर्गिक वेग रोखू नयेत, असे आयुर्वेदाने बजावले आहे. मला ते निवृत्तीनंतर, मूळव्याधीची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा पटले.

शस्त्रक्रिया आषाढात झाली आणि सुरळीत पार पडली. घरी येताना हाती दिलेल्या कागदावर मल मऊ ठेवणारे लॅक्टुलोज ‘रात्री झोपताना’ आणि इसबगोल ‘रात्रीच्या जेवणानंतर’ असे लिहिले होते. माझा अनेक वर्षांचा चौविहार. सूर्यास्तानंतर पाणीही नाही. हे मी डॉक्टरांना सांगितले नाही. दोन्ही औषधे मी गुपचूप वगळली आणि दिवसाच्या वेदनाशामक गोळ्या तेवढ्या नेमाने घेतल्या. शौचाला जाण्याची भीती वाटत होती, म्हणून जेवणही निम्मे केले.

चौथ्या दिवशी त्या हिशेबाची वसुली झाली. त्या सकाळच्या वेदनेचे वर्णन येथे करीत नाही. पत्नीने बाहेरून विचारले, “अहो, डॉक्टरांना फोन लावू का?” तेव्हा मी प्रथमच संकोच सोडून ‘हो’ म्हणालो. सारे ऐकून डॉक्टर एवढेच म्हणाले, “काका, हे आधी सांगितलं असतंत तर मी वेळा बदलून दिल्या असत्या. औषध रात्रीच घ्यावं असं काही नाही.”

घडले काय होते, ते नंतर समजले. मल आतड्यात जितका काळ राहतो तितके त्यातील पाणी शोषले जाते आणि तो कठीण होतो. ट्रामाडॉलसारख्या काही वेदनाशामकांनी आतड्याची गती आणखी मंदावते. कठीण मलाने जखम दुखते, दुखण्याच्या भीतीने माणूस पुन्हा रोखून धरतो आणि मल अधिकच कठीण होतो. हे चक्र पहिल्या दिवसापासूनच तोडावे लागते. कमी खाल्ल्याने ते तुटत नाही, कारण मलाला आकार आणि मऊपणा येतो तो चोथा व पाणी यांमुळे.

डॉक्टरांनी मग वेळापत्रक बदलून दिले. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटे. तेथून सूर्यास्तापर्यंत पावसाळ्यात सुमारे 12 तास मिळतात. तेवढ्यात दोन ते अडीच लिटर उकाळलेले पाणी थोडे थोडे करून सहज पिता येते. (हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.) लॅक्टुलोजचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे ते संध्याकाळी पाच वाजता घेतले तरी चालते. इसबगोल मात्र सूर्यास्ताच्या तोंडावर घाईने घेऊ नये. ते पाणी शोषून फुगते. पुरेसे पाणी मिळाले नाही तर उलट अडथळा करते. मी ते दुपारी चारला एक पेला पाण्यात घेत असे आणि त्यावर आणखी एक पेला पीत असे.

आहाराच्या छापील कागदावर गाजर, बीट, अंजीर आणि मोड आलेली मटकी असे लिहिलेले होते. आपल्याकडे पहिली दोन कंदमुळे, अंजीर बहुबीज आणि मोड अनंतकाय. म्हणजे चारही बाद! त्यात चातुर्मासात पालेभाजी आणि सुकामेवाही अनेक घरांत वर्ज्य. तरीही पुष्कळ उरते. न चाळलेल्या कणकेची पोळी, ज्वारीची भाकरी, गव्हाचा दलिया, त्याच दिवशी भिजवून मऊ शिजवलेले अख्खे मूग, दुधी, तुरई, पडवळ, पपई, नाशपाती आणि आपल्या वसईची पूर्ण पिकलेली केळी. हिरवे वर्ज्य असलेल्या तिथीला दलिया, भाकरी आणि मूग यांवर निभावते. तिखट मात्र काही आठवडे दूरच ठेवावे.

शौचाची वेळ सकाळच्या न्याहारीनंतर वीस-तीस मिनिटांनी ठेवावी. पोटात अन्न गेले की मोठे आतडे आपोआप हालते; त्या क्षणाचा फायदा घ्यावा. कमोडवर बसताना पायांखाली छोटा पाट घ्यावा, म्हणजे गुडघे वर येतात आणि मार्ग सरळ होतो. कुंथू नये आणि पाच मिनिटांपेक्षा अधिक बसू नये. मोबाइल बाहेर ठेवावा. त्यानंतर टबमधील कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसल्याने गुदद्वाराचे आखडलेले स्नायू सैल होतात. मला सर्वाधिक आराम याच उपायाने पडला.

पहिले काही दिवस शौचाच्या वेळी थोडे रक्त दिसणे स्वाभाविक आहे. परंतु रक्ताच्या गाठी पडणे, धार लागणे, ताप येणे, लघवी अडणे, वेदना कमी होण्याऐवजी वाढत जाणे किंवा तीन दिवस शौच न होणे, यांपैकी काहीही झाल्यास त्वरित डॉक्टरांना कळवावे. जोराचा रक्तस्राव आठवड्या-दीड आठवड्यानंतरही होऊ शकतो, म्हणून बरे वाटू लागल्यावरही बेफिकीर राहू नये.

दरवर्षी चातुर्मासात मी आयंबिल करतो. यंदा करावे का, हे विचारायला उपाश्रयात गेलो. महाराजसाहेबांनी पच्चक्खाणातील आगारांची आठवण करून दिली. समाधी टिकावी म्हणून आजारात औषध घेण्याची सवलत त्यांत पूर्वीपासूनच आहे. जखम भरेपर्यंत आयंबिल पुढे ढकलण्यास त्यांनी सांगितले. चौविहार मोडावाच लागला नाही. केवळ आधी बोलायला हवे होते.

म्हणून ज्यांची शस्त्रक्रिया ठरली असेल त्यांनी आपले नियम एका कागदावर लिहून डॉक्टरांना आधीच दाखवावेत: सूर्यास्तानंतर काय घेत नाही, कोणते पदार्थ वर्ज्य आहेत, कोणते तप जवळ आले आहे. रोजच्या इतर गोळ्याही सांगाव्यात. लोहाच्या गोळ्यांनीही बद्धकोष्ठ होते. आणि घरच्यांना एक विनंती. ‘जेवण झाले का?’ हे आपण वडीलधाऱ्यांना ज्या सहजतेने विचारतो, त्याच सहजतेने ‘पोट साफ झाले का?’ हेही विचारावे. ते स्वतःहून सांगणार नाहीत. मीही चार दिवस सांगितले नव्हते.