ओट्यामागची अखंड फरशी

इंदूर शहर माळव्याच्या ज्या पठारावर वसले आहे, त्याच्या पोटात काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे, थर एकावर एक पसरलेले असून होळकरांच्या सात मजली राजवाड्याचे खालचे तीन मजलेही दगडीच आहेत. तरीही आज येथील स्वयंपाकघरांत ओट्यामागच्या भिंतीवर जी लांबरुंद दगडी फरशी बसवली जाते, ती बहुधा परप्रांतातून आलेली असते. लाव्हा थंड होताना आक्रसतो, त्यामुळे बेसाल्टला जागोजागी भेगा पडतात आणि वायूचे बुडबुडे अडकून त्यात पोकळ्याही राहतात, म्हणून हा दगड चिरे घडवण्यास उत्तम असला तरी त्यातून आठ फुटांची पातळ, अखंड फरशी निघणे कठीण असते. साहजिकच संगमरवरासाठी मकराणा, बांसवाडा किंवा किशनगडच्या बाजाराकडे, तर ग्रॅनाइटसाठी जालोर अथवा आंध्रातील चिमकुर्ती येथील खाणींकडे पाहावे लागते.

ओट्यामागे टाइल्सचा जो पट्टा लावतात, त्याला बांधकामाच्या व्यवहारात डॅडो म्हणतात. त्याचे खरे दुखणे टाइल्समध्ये नसून त्यांच्या सांध्यांमध्ये असते, कारण सांध्यांत भरलेले सिमेंटचे ग्राउट सच्छिद्र असते आणि रोजच्या फोडणीचे तेल व हळद त्यात मुरत जाऊन काही वर्षांत ते काळवंडते. अखंड फरशीने हे सांधे जवळजवळ नाहीसे होतात, आणि या पद्धतीचा मुख्य लाभ एवढाच आहे. दिसण्यातील श्रीमंती ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब.

दगडाची निवड मात्र आवडीवर सोडून चालत नाही. संगमरवर, कोटा आणि मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या ओट्याला व मांडण्यांना वापरला गेलेला कडप्पा, हे तिन्ही दगड प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले आहेत, आणि लिंबू, चिंच, आमसूल किंवा व्हिनेगर यांतील आम्लाशी त्याची रासायनिक क्रिया होऊन पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात विरघळतो. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड ठेवली की उमटणारा पांढुरका वण हा डाग नसून झीज असते. म्हणून तो घासून जात नाही, त्याला पुन्हा पॉलिशच करावे लागते. सीलर नावाचे द्रावण दगडाच्या छिद्रांत शिरून तेल व हळद शोषली जाण्याचे प्रमाण कमी करते, पण आम्लापासून ते संगमरवराचे रक्षण करू शकत नाही, ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झ व फेल्डस्पार ही खनिजे घरगुती आम्लांना दाद देत नाहीत, त्यामुळे आंबटतिखट स्वयंपाकाच्या घरात ग्रॅनाइटच अधिक शहाणपणाचे. कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशीत दगडाचा चुरा राळेने बांधलेला असतो आणि ही राळ सततच्या उष्णतेने पिवळी पडते किंवा करपते, म्हणून गॅसच्या शेगडीला लागून ती नसलेलीच बरी.

ओट्यावरची फरशी स्वतःच्या वजनाने जागेवर राहते, तर भिंतीवरची फरशी चिकटाव्याच्या बळावर उभी असते. आठ फूट लांब, दोन फूट उंच आणि १८ मिलिमीटर जाड ग्रॅनाइटचे वजन सुमारे ७२ किलो भरते. एवढा भार रंगावर किंवा तेलकट गिलाव्यावर चिकटवणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय, कारण अशा वेळी फरशी भिंतीला नव्हे, तर रंगाच्या पापुद्र्याला चिकटलेली असते. म्हणून आधी जुना रंग अथवा टाइल्स काढून गिलावा उघडा करतात, ओळंब्याने भिंतीचा उभार आणि लांब सरळ पट्टीने तिचा सपाटपणा तपासतात, आणि जेथे खळगा असेल तेथे तो आधीच भरून घेतात. सिमेंटच्या गोळ्यांवर फरशी टेकवण्याची जुनी रीत येथे घातक ठरते. गोळ्यांमधल्या पोकळ जागी दगडाला आधार नसतो, शिवाय तेथे ओलावा साचतो. त्याऐवजी दातेरी थापीने चिकटावा भिंतीवर ओढून दगडाच्या पाठीवरही त्याचा पातळ हात फिरवावा लागतो. फिकट संगमरवराला पांढराच चिकटावा हवा, कारण राखाडी रंग दगडातून आरपार जाणवतो. आणि फरशीच्या पाठीला राळेने जाळी चिकटवलेली असेल, तर सिमेंटचा चिकटावा तिला नीट धरत नाही, म्हणून इपॉक्सी वापरावे लागते. फरशी छतापर्यंत न्यायची असल्यास स्टेनलेस स्टीलच्या पिनांचा आधार द्यावा, हे उत्तम.

क्रम असा की ओटा आधी पक्का होतो आणि मग भिंतीची फरशी दोन-तीन मिलिमीटरच्या पाचरींवर टेकवली जाते. पुढे पाचरी काढून त्या फटीत सिलिकॉन भरतात, कारण ओटा आणि भिंत यांची हालचाल सारखी नसते व कडक सांधा तेथे तडकतो. विजेच्या बोर्डासाठी चौकोन कापताना आधी चारही कोपऱ्यांना गोल छिद्रे पाडणारा मिस्त्री कामाचा जाणकार समजावा. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटून तेथूनच चीर सुरू होते.

कापणीचा प्रश्न केवळ कारागिरीचा नाही. ग्रॅनाइट कोरडे कापले की स्फटिकी सिलिकाची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसांत साचते आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. माळव्याला हा रोग नवा नाही: मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिलींच्या कारखान्यांतील कामगारांना त्याने एवढे ग्रासले की १९८२ मध्ये मध्य प्रदेशात त्यांच्या कल्याणनिधीसाठी स्वतंत्र कायदा झाला. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये सिलिकाचे प्रमाण ग्रॅनाइटपेक्षाही बरेच अधिक असते, आणि ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली ती याच कारणाने. तेव्हा मापाचा पुठ्ठ्याचा साचा भिंतीवर बेतून तो कारखान्यात द्यावा, तेथे पाण्याच्या धारेखाली फरशी कापून घ्यावी, आणि घरी एखादे छिद्र पाडणे उरलेच तर तेही पाणी सोडत व कारागिराच्या तोंडावर रुमालाऐवजी योग्य मास्क असतानाच पाडले जावे.