विज्ञान आवडतं, पण ते 'आपलं' वाटतं का?

मागच्या महिन्यात मी माझ्या गावच्या शाळेत गेले होते. नववीचा वर्ग. "विज्ञान कोणाला आवडतं?" असं विचारल्यावर जवळजवळ सगळे हात वर. मग विचारलं, "शास्त्रज्ञ किंवा इंजिनिअर कोणाला व्हायचंय?" चार हात. हात खाली ठेवलेल्या एका मुलीला कारण विचारलं, तर म्हणाली, "ताई, ते हुशार पोरांचं काम."

एका वर्गातले चार हात म्हणजे डेटा नव्हे, हे मान्य. पण याच प्रश्नावर रीतसर संशोधन झालंय. पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्यांनी त्यातले दोन अभ्यास तरी माहीत करून घ्यावेत, असं मला वाटतं.

पहिला अभ्यास रॉबर्ट टाय आणि सहकाऱ्यांचा, २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला. अमेरिकेत १९८८ मध्ये आठवीतल्या मुलांना विचारलं होतं, "तिसाव्या वर्षी तुम्ही काय काम करत असाल असं वाटतं?" त्यातल्या पुढे पदवीपर्यंत पोचलेल्यांनी कोणत्या विषयात पदवी घेतली, ते टाय यांनी तपासलं. आठवीत विज्ञानाशी संबंधित काम सांगणाऱ्यांची भौतिक विज्ञान किंवा इंजिनिअरिंगमध्ये पदवी घेण्याची शक्यता इतरांच्या ३.४ पट निघाली. जीवविज्ञानात ती १.९ पट होती. आणखी एक आकडा बघा. गणितात मध्यम, पण विज्ञानात जाईन म्हणणाऱ्या मुलासाठी भौतिक विज्ञान-इंजिनिअरिंगच्या पदवीची शक्यता ३४ टक्के. गणितात उत्तम, पण दुसरंच काही करायचंय अशा मुलासाठी १९ टक्के.

म्हणजे 'हुशार पोरांचं काम' हे पूर्ण खरं नाही. पण थांबा, लगेच निष्कर्षावर उडी मारू नका. हा प्रयोग नव्हता. कोणी चिठ्ठ्या टाकून मुलांना स्वप्नं वाटली नव्हती. संशोधकांनी गुण, घरची पार्श्वभूमी वगैरे गोष्टी हिशेबात धरल्या होत्या, तरी न मोजलेलं काहीतरी उरतंच. समजा घरात एखादी इंजिनिअर मावशी आहे. तिच्यामुळे स्वप्नही पडलं असेल आणि पुढे वाटही सापडली असेल. त्यामुळे 'अमुक पट' वाचलं की विचारायची सवय लावा: कोणाच्या तुलनेत? आणि काय काय हिशेबात धरून?

दुसरा अभ्यास त्या मावशीबद्दलच आहे म्हणा ना. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये लुईस आर्चर यांच्या गटाने इंग्लंडमधल्या १० ते १४ वयाच्या मुलांचा 'अस्पायर्स' नावाचा अभ्यास केला. बहुतेक मुलांना विज्ञानाचे तास आवडत होते. पण शास्त्रज्ञ व्हायचंय म्हणणारी फक्त १५ टक्क्यांच्या आसपास. विज्ञान शिकून शास्त्रज्ञ, डॉक्टर किंवा विज्ञानशिक्षक एवढंच होता येतं, असा अनेकांचा समज होता. आर्चर यांनी यासाठी 'विज्ञान भांडवल' ही कल्पना मांडली: तुम्हाला काय माहीत आहे, घरी काय बोललं जातं, ओळखीत कोण आहे, या सगळ्याची शिदोरी. म्हणजे कमतरता आवडीची नव्हतीच. 'विज्ञान किती मजेशीर!' एवढंच सांगून आपण भरलेल्या माठात पाणी ओततो.

मग करायचं काय? मी त्या वर्गात नारायणगावजवळच्या खोडदची गोष्ट सांगितली. तिथल्या परिसरात जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. त्यामुळे वजन घटतं, वारा आरपार जातो आणि खर्च वाचतो. हे सगळं चालवायला खगोलशास्त्रज्ञ लागतात, तसेच वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग जाणणारेही लागतात. दर २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथे शाळेच्या मुलांची रीघ लागते.

तुम्हीही आपल्या जुन्या शाळेत जा. पण फक्त यशाची गोष्ट सांगू नका. दिवसभर नेमकं काय करता, फेलोशिप किती मिळते, कुठे अडलात, तेही सांगा. दहावीला गणितात मला ५८ होते, हे मी फळ्यावर लिहिलं. आणि एकदा जाऊन थांबू नका. एका तासाने भांडवल साचत नाही.

तास संपताना तीच मुलगी म्हणाली, "ताई, जाळीतून लाटा निसटत नाहीत का?" मी म्हटलं, लाटेची लांबी जाळीच्या भोकापेक्षा खूप मोठी असली, की लाटेला जाळी भरीव पत्र्यासारखीच. ती क्षणभर थांबली. "मग लाट लहान असली तर?"

तर निसटते. म्हणूनच ही दुर्बीण लांब लाटांवर काम करते. मी तिला एवढंच सांगितलं, की आत्ता तू जे विचारलंस, त्यालाच संशोधन म्हणतात. पुढच्या महिन्यात मी परत जाणार आहे.